कोल्हापुरात सरकारी ऊर्जा व्यवस्थापक: नोकरीत शिरण्यापासून चार्ज सोडेपर्यंत

‘ऊर्जा व्यवस्थापक पाहिजे’ अशी सरकारी जाहिरात शोधत बसलात तर वर्षं निघून जातील. राज्य सरकारच्या आस्थापनेत या नावाचं स्वतंत्र पद क्वचितच असतं. काम मात्र सगळीकडे असतं आणि ते बहुधा अतिरिक्त कार्यभार म्हणून विद्युत शाखेतल्या एखाद्या अभियंत्याच्या गळ्यात पडतं. म्हणून आधी पद कुठलं मिळतंय ते बघायचं आणि मग त्या पदावर बसून ऊर्जेचं काम आपल्याकडे ओढून घ्यायचं.

दारं कोणती

पहिलं दार लोकसेवा आयोगाचं. महाराष्ट्र विद्युत अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेत जाता येतं. जिल्ह्यातल्या सरकारी इमारतींची वायरिंग, पॅनल, लिफ्ट, जनरेटर ही सगळी त्यांची कामं. पदवी विद्युत अभियांत्रिकीची लागते. दुसरं दार महावितरणचं. पदवीधर शिकाऊ अभियंता किंवा पदविका शिकाऊ अभियंता म्हणून आत जायचं आणि शाखा, उपविभाग, विभाग, मंडल, परिमंडळ अशी शिडी चढायची. कोल्हापूर परिमंडळात कोल्हापूर आणि सांगली हे दोन जिल्हे येतात आणि त्याचं मुख्य कार्यालय ताराबाई पार्कातल्या विद्युत भवनात आहे. आयटीआय झालेल्यांसाठी विद्युत सहायकाची भरती असते. वाणिज्य शाखेच्या मुलांनीही महावितरणकडे दुर्लक्ष करू नये, कारण वित्त व लेखा आणि मानव संसाधन या बाजूंना व्यवस्थापक, उपव्यवस्थापक अशी पदं खरोखरच असतात.

तिसरं दार महाऊर्जाचं, म्हणजे महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरणाचं. मुख्यालय पुण्यात आणि विभागीय कार्यालय कोल्हापुरात. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ नुसार राज्याची नामनिर्देशित यंत्रणा हीच. नावाप्रमाणे पूर्णवेळ ऊर्जेचं काम करणारं हे एकमेव कार्यालय असलं तरी मनुष्यबळ मोजकं असल्याने जागा थोड्या. चौथं दार स्थानिक संस्थांचं: कोल्हापूर महापालिका, २०२२ मध्ये महापालिका झालेलं इचलकरंजी, जिल्हा परिषद, शिवाय महाराष्ट्र जीवन प्राधिकरण.

यातलं कुठलं निवडावं? ज्याला ऊर्जेचंच काम शिकायचंय त्याने पाणीपुरवठ्याच्या बाजूला जावं. कार्यालयाच्या इमारतीत दिवे-पंख्यांवर जे वाचतं, ते पाणी उपसा केंद्रातल्या एका बिघडलेल्या पंपावर काही आठवड्यांत वाया जातं. बिल मोठं असलं की चूकही मोठी दिसते, आणि वरिष्ठही ऐकून घेतात.

प्रमाणपत्र: घ्यावं, पण कशासाठी

ऊर्जा दक्षता ब्यूरो राष्ट्रीय पातळीवर प्रमाणित ऊर्जा व्यवस्थापक आणि प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक अशा दोन परीक्षा घेतं. पेपर एक सर्वसाधारण ऊर्जा व्यवस्थापन व लेखापरीक्षणाचा, दोन औष्णिक यंत्रणांचा, तीन विद्युत यंत्रणांचा. हे तीन प्रत्येकी १५० गुणांचे आणि तीन तासांचे. व्यवस्थापकाला एवढे पुरतात. लेखापरीक्षक व्हायचं असेल तर चौथा, १०० गुणांचा, पुस्तक उघडून लिहायचा पेपर द्यावा लागतो. उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक पेपरात निम्मे गुण लागतात. पदवीधर अभियंत्याला तीन वर्षांचा आणि पदविकाधारकाला सहा वर्षांचा अनुभव मागितला जातो. म्हणून नोकरीला लागल्या दिवसापासून अनुभवाचा दाखला कोण देणार आणि त्यात कामाचं स्वरूप कसं लिहिलं जाणार याकडे लक्ष ठेवा. ‘विद्युत देखभाल’ एवढंच लिहिलेला दाखला आणून मग धावपळ करणारे बरेच असतात.

अभ्यासाला ब्यूरोचीच चार मार्गदर्शक पुस्तकं पुरेशी आहेत आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. विद्युत शाखेची मुलं दुसऱ्या पेपरात पडतात. बॉयलर, वाफ, भट्टी, इन्सुलेशन यांचा त्यांना गंध नसतो. कोल्हापूर जिल्ह्यात सहवीजनिर्मिती करणारे साखर कारखाने आहेत. गळीत हंगामात ओळखीने एक दिवस बॉयलर हाउसमध्ये उभं राहून बघितलं तर अर्धा पेपर समजतो.

या प्रमाणपत्राने सरकारी पगार वाढत नाही. त्याचा उपयोग दोन ठिकाणी होतो. नियुक्त ग्राहक (मोठ्या ऊर्जावापरामुळे कायद्याच्या यादीत घेतलेले) ठरलेल्या संस्थांना कायद्याने ऊर्जा व्यवस्थापक नेमावा लागतो आणि वीज वितरण कंपन्याही त्या यादीत आहेत. त्यांना २०२१ च्या विनियमांनुसार दर तिमाहीला ऊर्जा लेखांकन आणि वर्षाला लेखापरीक्षण करावं लागतं. त्यामुळे महावितरणमध्ये हे प्रमाणपत्र कामाला येतं. दुसरा उपयोग म्हणजे ठेकेदाराने आणलेला अहवाल तुम्हाला तपासता येतो, नुसता सही करून पुढे पाठवावा लागत नाही.

पहिला आठवडा: जोडण्यांची वही

चार्ज घेतल्यावर पहिलं काम एकच. तुमच्या कार्यालयाच्या नावावर असलेल्या प्रत्येक वीजजोडणीची यादी करा. लेखा शाखेकडून मागच्या बारा महिन्यांची बिलं घ्या आणि एक तक्ता बनवा: बारा आकडी ग्राहक क्रमांक, बिलिंग युनिट, मीटर क्रमांक, दरवर्गवारी, मंजूर भार, करार मागणी (महावितरणशी ठरलेली कमाल मागणी), सीटी रेशो (मोठा प्रवाह मीटरपुरता लहान करणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरचं प्रमाण), मल्टिप्लाइंग फॅक्टर (मीटरचं रीडिंग ज्याने गुणायचं तो आकडा), जागा, आणि बिल कोण भरतं.

मग वायरमनला बरोबर घेऊन प्रत्येक मीटरपाशी प्रत्यक्ष जा. यादीत आहे पण जागेवर नाही, आणि जागेवर आहे पण यादीत नाही, अशी दोन्ही प्रकरणं निघतात. पाडलेल्या क्वार्टर्सचा मीटर, बंद पडलेल्या बोअरचा मीटर, स्थलांतर झालेल्या दवाखान्याचा मीटर: वापर शून्य, पण स्थिर आकार दरमहा चालू. अशा जोडण्या कायमस्वरूपी खंडित करण्याचा अर्ज म्हणजे तुमची पहिली बचत. तिला ना निधी लागतो ना निविदा.

वर्गवारीही याच फेरीत तपासायची. सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळा, दवाखाने यांना लघुदाबात (लो टेन्शन, म्हणजे एलटी) सार्वजनिक सेवा – शासकीय, म्हणजे एलटी ७ (अ) लागू होते. सार्वजनिक पाणीपुरवठ्याला एलटी ३ आणि पथदिव्यांना एलटी ६. जोडणी घेताना कुणीतरी ‘व्यापारी’वर खूण केली आणि पुढची कैक वर्षं तीच चालली, असं आढळतं. उलटही बघा. आवारातलं कँटीन किंवा भाड्याने दिलेला गाळा शासकीय मीटरवर चालत असेल तर ते तपासणीत सापडतं आणि फरकाची रक्कम तुमच्या कार्यालयावर निघते. त्यांना वेगळा मीटर घ्यायला लावा.

बिल वाचणं

या नोकरीचा निम्मा भाग बिलात आहे. उच्चदाब बिल पहिल्यांदा हातात आलं की घाबरायला होतं, पण पाचच ठिकाणी बोट ठेवायचं असतं.

पहिलं, मल्टिप्लाइंग फॅक्टर. पाच अँपिअरच्या मीटरला २००/५ ची सीटी असेल तर फॅक्टर ४०. सीटी जळाली, नवीन १००/५ ची बसवली, आणि बिलिंग प्रणालीत ४० च राहिला तर बिल दुप्पट येतं. सीटी किंवा मीटर बदलला की बदलीच्या अहवालाची प्रत त्याच दिवशी घ्या आणि पुढचं बिल तिच्याशी ताडून बघा.

दुसरं, कमाल मागणी, म्हणजे महिन्यात एका वेळी नोंदलेला सर्वांत जास्त भार. बिलिंग डिमांड ही त्या महिन्याची नोंदलेली मागणी, मागच्या अकरा महिन्यांतल्या सर्वोच्च मागणीचा ७५ टक्के भाग आणि करार मागणीचा दरआदेशात दिलेला टक्का, यांतून जे जास्त ते धरलं जातं. याचा अर्थ असा की एका दुपारी तिन्ही पंप एकदम सुरू केले तर त्याचा भुर्दंड पुढे जवळपास वर्षभर चालतो. करार मागणीच्या वर गेलात तर वरच्या भागाला मागणी आकाराच्या दीडपट दर. उलट, करार मागणी २०० केव्हीए (मागणीचं एकक) आणि नोंद कधीच ९० च्या वर जात नसेल तर ती कमी करून घ्या. मात्र बारा महिन्यांची नोंद बघितल्याशिवाय अर्ज करू नका. उन्हाळ्यातले एसी आणि पुढच्या वर्षी येणारी नवीन इमारत विसरून मागणी कमी करायची आणि सहा महिन्यांनी पुन्हा वाढवून मागायची, हा प्रकार महागात पडतो.

तिसरं, केव्हीएएच, म्हणजे कामाच्या विजेबरोबर मोटरसारख्या भारांची प्रत्यक्ष काम न करणारी (रिॲक्टिव्ह) वीजही धरून निघणारी युनिटं. उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून या एककावर बिल येतं. पॉवर फॅक्टर (एकूण विजेतला कामाच्या विजेचा वाटा) कमी पडल्याचा दंड वेगळा छापलेला दिसत नाही म्हणून तो नाही असं समजू नका, तो युनिटांतच मिसळलेला असतो. आणि इथे नवख्यांना हमखास न दिसणारी गोष्ट म्हणजे लीडिंग: मोटरची रिॲक्टिव्ह वीज ती लॅग, आणि कपॅसिटरची उलट्या दिशेची ती लीड. हिशोबात लॅग आणि लीड दोन्ही रिॲक्टिव्ह युनिटं बेरजेला धरली जातात. समजा महिन्याचा वापर २०,००० केडब्ल्यूएच (नेहमीची युनिटं), लॅग ४,००० आणि लीड ७,०००. बेरीज ११,००० धरून केव्हीएएच (२०,००० आणि ११,००० यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ) निघतात सुमारे २२,८२५. लीड शून्य असतं तर आकडा २०,३९६ च्या आसपास राहिला असता. म्हणजे जवळजवळ २,४०० युनिटं फुकट गेली. ती येतात कुठून? पंप बंद झाले तरी पॅनलमधले, पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी बसवलेले फिक्स्ड कपॅसिटर चालूच राहतात. सुटीच्या दिवशी इमारतीत भार नाही, पण कपॅसिटर बँक तशीच जोडलेली. उपाय: कपॅसिटर त्या त्या मोटरच्या स्टार्टरमागे घ्या, म्हणजे मोटरबरोबर तेही बंद होतील, किंवा एपीएफसी पॅनल (गरजेप्रमाणे कपॅसिटर आपोआप जोडणारा-काढणारा) ‘ऑटो’वर आहे ना ते बघा. अनेक ठिकाणी रिले बिघडला म्हणून तो ‘मॅन्युअल’वर ठेवलेला असतो आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही.

चौथं, टीओडी (टाइम ऑफ डे), म्हणजे तासांप्रमाणे बदलणारा दर. दिवसाच्या कोणत्या तासांत किती वापर, त्याचे रकाने बिलावर असतात. पूर्वी रात्री दहा ते सकाळी सहा सवलत असल्याने टाक्या रात्री भरायची सवय लागली. आता सवलत दिवसाच्या सौर तासांकडे सरकली आहे. वीज नियामक आयोगाचा ताजा दरआदेश उघडून तास बघा आणि पंपचालकांच्या पाळ्या त्याप्रमाणे लावा.

पाचवं, रीडिंगचा शेरा. ‘सरासरी’, ‘लॉक’, ‘फॉल्टी’ असं काही दिसलं की त्याच आठवड्यात लेखी तक्रार उपविभागात. तोंडी सांगितलेलं टिकत नाही. तिथे दाद लागली नाही तर परिमंडळाच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येतं, आणि सरकारी कार्यालयही तिथे ग्राहकच असतं.

बिल वेळेत भरणं

बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरणा झाला तर एक टक्का सूट आणि मुदत टळली तर सव्वा टक्का विलंब आकार. म्हणजे वेळेवर भरणाऱ्या आणि न भरणाऱ्यात सव्वादोन टक्क्यांचा फरक. सरकारी कार्यालयात सात दिवस पाळणं कठीण, कारण कागदी बिल टपालात फिरतं, आवक नोंद होते, टिपणी वर जाते, देयक कोषागारात जातं. म्हणून बिल ईमेलवर मागवा आणि आलं त्याच दिवशी आहरण व संवितरण अधिकाऱ्याच्या (देयकाचे पैसे काढण्याचा अधिकार असलेल्या) टेबलावर ठेवा.

उद्दिष्ट शीर्ष ‘०६ – दूरध्वनी, वीज व पाणी देयके’ यात तरतूद किती आहे ते बीम्स या सरकारच्या निधीवाटप प्रणालीवर बघायला शिका. अंदाजपत्रक मागताना गेल्या वर्षीचा आकडा दहा टक्के वाढवून टाकणं ही सर्रास पद्धत, आणि त्यामुळेच जानेवारीत निधी संपतो. जोडणीनिहाय युनिटं गुणिले नवा दर, अधिक स्थिर आकार, असा हिशोब जोडून सुधारित अंदाज पाठवला तर तो कापला जाण्याची शक्यता कमी असते.

पंप: खरी बचत

पंपाचं तपासणं एका सूत्रावर चालतं: पाण्याला मिळालेली शक्ती किलोवॉटमध्ये = ताशी घनमीटर × एकूण हेड (पाणी चढवायची उंची अधिक पाइपातलं घर्षण) मीटरमध्ये ÷ ३६७. ताशी ५०० घनमीटर पाणी ४० मीटर हेडवर जात असेल तर ५४.५ किलोवॉट. त्याच वेळी पॅनलवर पॉवर ॲनलायझरने ९० किलोवॉट दिसले तर एकत्रित कार्यक्षमता सुमारे ६० टक्के. मोठ्या पंपाला ती ७० च्या पुढे असायला हवी. हेड मोजताना डिलिव्हरीचा प्रेशर गेज आधी तपासून घ्या. जागेवरचे निम्मे गेज सुई अडकलेले असतात. प्रवाहासाठी पाइपवर बाहेरून लावायचा अल्ट्रासॉनिक फ्लो मीटर लागतो. तो जुन्या, आतून गंज चढलेल्या पाइपवर चुकीचं दाखवतो, म्हणून टाकीची पातळी अर्ध्या तासात किती वाढली यावरून ताडून घ्या.

कार्यक्षमता कमी निघाली तर आधी सक्शन स्ट्रेनर (पाणी ओढणाऱ्या तोंडची जाळी), मग इम्पेलर (पंपातलं फिरतं चाक) आणि वेअर रिंग (त्याभोवतीची झिजणारी कडी) बघा. पंचगंगेचं पावसाळ्यातलं गढूळ पाणी वाळू घेऊन येतं आणि इम्पेलर खातं. व्हॉल्व्ह अर्धा बंद करून पंप चालवलेला दिसला तर समजा की पंप गरजेपेक्षा मोठा घेतला आहे.

इथे व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण, विकणारे येतात. वेग ८० टक्के केला की शक्ती निम्म्यावर येते, असं ते सांगतात. हे खरं आहे, पण घर्षणाचं हेड जास्त असलेल्या ठिकाणी. नदीकाठावरून पुईखडीसारख्या उंचावर पाणी चढवायचं असेल तर बहुतेक हेड उंचीचंच असतं. वेग थोडा जास्त कमी केला की पाणी वर पोचतच नाही, पंप जागच्या जागी घुसळत राहतो. तिथे इम्पेलर ट्रिम करणं (व्यास कमी करणं) किंवा योग्य मापाचा पंप घेणं स्वस्त पडतं.

इमारत

इथे फार वेळ घालवू नका. जुन्या ४० वॅटच्या ट्यूब चोकसकट ५० च्या वर घेतात, एलईडी १८ ते २० वॅट. साधा पंखा ७५ वॅट, बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. आठ तास आणि २५० कामाचे दिवस धरले तर पंख्यामागे वर्षाला ९० युनिटं. एसी २४ अंशांवर. उजेड लक्स मीटरने मोजा, टेबलावर ३०० ते ५०० लक्स असला की पुरे. दिवे बंद ठेवण्याच्या पाट्यांपेक्षा संध्याकाळी मेन स्विच बंद करणाऱ्या शिपायाचं नाव पाळीपत्रकात लिहिणं जास्त काम करतं.

पावसाळा

कोल्हापुरात याला वेगळं प्रकरण लागतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि शहर टँकरवर आलं. मे संपायच्या आत प्रत्येक नदीकाठच्या केंद्रात पॅनलची उंची मागच्या पूररेषेशी जुळवून बघा, मोटर उचलायची चेन-ब्लॉक आणि माणसं ठरवून ठेवा, आणि किती फुटांवर पुरवठा बंद करायचा ते लेखी आदेशात आणा. पाणी चढल्यावर तो निर्णय कुणी घ्यायचा यावर वाद नको.

पूर ओसरल्यावर घाई नको. बुडालेली मोटर धुऊन, सुकवून, मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावल्याशिवाय चालू करायची नाही. कमी दाबाच्या मोटरला इन्सुलेशन दीड-दोन मेगाओहमच्या खाली असेल तर पुन्हा सुकवा. नगरसेवकांचे फोन येतच राहतात, पण जळालेल्या मोटरचं रिवाइंडिंग त्याहून जास्त दिवस घेतं. नव्या उच्चदाब जोडणीला किंवा जनरेटरला विद्युत निरीक्षकांची परवानगी लागते, ती आधीच घेऊन ठेवा.

सौर

छतावर एका किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर सावलीविरहित जागा आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिटं. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हा आकडा निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. गगनबावडा, राधानगरीकडे तर आणखी. ठेकेदाराच्या प्रस्तावात बाराही महिने सारखे आकडे असतील तर तो परत पाठवा. नेट मीटरिंगमध्ये (ग्रिडला दिलेली युनिटं वापरातून वजा करण्याच्या पद्धतीत) जादा युनिटं आर्थिक वर्षापुरतीच पुढे ओढली जातात. त्यामुळे शनिवार-रविवार बंद असणाऱ्या कार्यालयाने वार्षिक वापरापेक्षा मोठा संच लावण्यात अर्थ नाही. कौलारू जुन्या इमारतींना हात लावण्याआधी वारसा यादीत नाव आहे का ते बघा.

खरेदीची फाइल

तांत्रिक प्रस्ताव बरोबर असूनही फाइल परत येते, कारण खरेदीची पद्धत चुकलेली असते. १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयातली खरेदी नियमपुस्तिका आणि तिच्या नंतरच्या सुधारणा छापून टेबलावर ठेवा. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर वस्तू उपलब्ध आहे का ते आधी बघा आणि त्याचा स्क्रीनशॉट टिपणीला जोडा. स्पेसिफिकेशनमध्ये ब्रँडचं नाव लिहू नका, कार्यक्षमता लिहा: ‘आयई३ वर्गाची मोटर’, ‘पाच स्टार’, ‘वॅटमागे अमुक ल्यूमेन’. स्वीकृती चाचणीची अट टाका. पंप बसवल्यावर प्रवाह, हेड आणि किलोवॉट तुमच्यासमोर मोजून मगच अंतिम देयक, एवढं एक वाक्य निविदेत नसेल तर पुढे ठेकेदाराला काहीच विचारता येत नाही.

बदली झाली की

तीन वर्षांनी बदलीचा आदेश येतो. चार्ज यादीत टेबल-खुर्चीबरोबर या गोष्टी लिहून द्या: जोडण्यांची वही, मागच्या बारा महिन्यांची बिलं, सीटी आणि मीटर बदलीचे अहवाल, विद्युत निरीक्षकांची प्रमाणपत्रं, नेट मीटरचे करार, चालू तक्रारींचे क्रमांक. आणि महावितरणच्या प्रणालीत प्रत्येक ग्राहक क्रमांकाला जोडलेला मोबाईल व ईमेल बदला. तो कार्यालयाचा असावा, स्वतःचा नको. नाहीतर जिल्हा सोडून गेल्यावरही बिलांचे मेसेज तुम्हालाच येत राहतील आणि इथे सात दिवस टळून जातील.